लाल अक्षरांतलं ‘तातडीचे’

संध्या ओव्हाळ अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अठरा वर्षं आवक-जावक सांभाळायची. कंपनी गुजरातला गेली आणि तिची नोकरी सुटली. हातात आलेल्या पैशांतून जुना फ्लॅट घ्यायचा, दुरुस्त करून विकायचा, असं तिनं ठरवलं. एजंट चांगली जागा हिला कशाला दाखवतील? म्हणून थेट मालकांनाच पत्रं पाठवायची.

शिवमंदिराकडच्या जुन्या इमारतींतल्या नावांच्या पाट्या बघून तिनं साठ पत्ते जमवले. नवरा राजेंद्र म्हणाला, “आधी दहाच टाक. बघू काय होतंय.” पाकीट उघडलं जावं म्हणून तिनं साठही पाकिटांवर लाल पेनानं ‘तातडीचे’ लिहिलं आणि पहिली दहा टाकली.

पाचव्या दिवशी फोन आला. “मी सुयोग बोलतोय. घर खाली करायची नोटीस तुम्ही पाठवली? आई दोन दिवस जेवली नाहीये.”

“अहो, नोटीस नाहीये ती...”

“मग इथं येऊन सांगा तिला. नाहीतर मी पोलिसांत जातो.”

राजेंद्र सोबत येतो म्हणाला, पण ती एकटीच गेली. इमारत धोकादायक ठरवून खाली करायला लावणार अशी कुजबुज तिथं वर्षभर चालू होती, हे तिला दारातच सुयोगकडून कळलं. आत सुयोगची आई, सुंदराबाई, पाकीट उशीखाली ठेवून बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं; शेजारच्या मुलीनं वरचा लाल शब्द आणि ‘आपली सदनिका’ एवढंच वाचून दाखवलं होतं. सुयोगलाही त्या पत्र हातात देत नव्हत्या; त्यानं फक्त पाकिटावरचा नंबर पाहिला होता. सुयोग दारात हात बांधून उभा.

संध्यानं पत्र सावकाश वाचून दाखवलं. “मावशी, चुकलं माझं. घर तुमचंच आहे. कुणी काढत नाहीये.”

सुंदराबाईंनी पत्राची घडी घालून ते तिच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, “विकायचं का, एवढंच विचारायचं होतं ना? मग तसं लिहायचं, बाई. आम्ही नाही विकत.”

सुयोग दारातून बाजूला झाला.

उरलेली पन्नास पाकिटं संध्यानं फाडली. नवं पत्र चार ओळींचं, हातानं लिहिलेलं, साध्या पोस्टकार्डावर: मी कोण, काय विचारतेय, आणि नको असेल तर उत्तर देऊ नका. तीन आठवड्यांत तीन फोन आले. दोघांनी नकार कळवला. तिसरा फोन बेलवलीला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा; शिवमंदिराकडच्या त्यांच्या घरी पडलेलं कार्ड शेजाऱ्यांनी पोहोचवलं होतं. घराच्या वाटण्या व्हायच्या होत्या, म्हणून विकायचं होतं.

“रविवारी या,” त्या म्हणाल्या, “आणि यजमानांनाही आणा.”

मार्चमध्ये व्यवहार झाला.