खाकीवाल्याने घेतलेला धडा

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षी लेकीला शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी भालकीहून बिदरला नेत होतो. प्रवासी मोटारीत ती उर्दूचा धडा पुटपुटत होती. खाकी कपड्यातला एक बंदूकवाला रझाकार समोर येऊन बसला, तशी ती गप्प झाली. मी तिला जवळ ओढलं.

"थांबलीस कामून, बेटी? वाच," तो म्हणाला.

ती बंदुकीकडं बघत अडखळत वाचू लागली. तो डोळे मिटून ऐकायचा आणि चुकलेला शब्द तीनदा म्हणवून घ्यायचा.

उतरताना मला म्हणाला, "मीबी बसल्तो परीक्षेला. भ्यालो अन् कोरा कागद देऊन आलो. मग ही बंदूक हाती आली."

लेक पास झाली. त्याला मात्र मी भीतीपोटी साधं 'शुक्रिया'सुद्धा म्हटलं नव्हतं.