अँटनची पिवळी खूण

व्हर्जिल ओबरमायर गाडीखाली शिरला की गाडीचा मालक देवाचं नाव घ्यायला लागायचा. मिझुरीतल्या सेडेलिया गावात, जत्रेच्या मैदानावर, दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांचा लिलाव भरे. आदल्या दिवशी परीक्षक एकेक गाडी उघडून तपासत आणि तिच्या खरेपणाचा दाखला देत. त्या परीक्षकांत व्हर्जिलसारखा खडूस दुसरा नव्हता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दांडीला बांधलेला आरसा, आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "गाडी खोटं बोलत नाही. मालक बोलतो."

या गाड्या म्हणजे साठ-सत्तर सालातलं एक खूळ. अंगापिंडाने मध्यम, पण पोटात इंजिन राक्षसाचं. त्या काळी कारखान्यातली पोरं पगार झाला की हप्त्यावर गाडी घेत, सिग्नलपाशी शर्यती लावत आणि सहा महिन्यांत कुठल्या तरी झाडावर नेऊन आपटत. ज्यांच्या बापाने तेव्हा घेऊ दिली नाही ते आता टक्कल पडल्यावर घेतात. गिऱ्हाईक असं आंधळं असलं की लबाडीला काय तोटा? साध्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं, त्यावरचा नंबर घासायचा, गाडीशी जुळणारा नवा ठोकायचा आणि 'जन्मापासूनचं इंजिन' म्हणून मिरवायचं.

ओमाहाचा एक दंतवैद्य असंच इंजिन घेऊन आला होता. व्हर्जिलने नंबरावरून नुसतं बोट फिरवलं आणि चारचौघांत म्हणाला, "डॉक्टर, कवळी झकास बसवलीय हो!" मैदान खो खो हसलं. दंतवैद्य जेवायलाही थांबला नाही. ही गोष्ट व्हर्जिल पुढे कित्येक वर्षं ज्याला त्याला सांगायचा. त्याची बायको मिल्का मात्र हसायची नाही.

"माणसाला असं नागडं करण्यात कसली रे मजा वाटते तुला?"

"मी कुठे करतो? मी आधी विचारतो की."

हे मात्र खरं होतं. मैदानावरचा तो नियम व्हर्जिलनेच घालून दिला होता. परीक्षकाला एखादी वस्तू खटकली की त्याने सगळ्यांसमोर मालकाला विचारायचं, "मूळचं की नंतरचं?" मालक 'नंतरचं' म्हणाला तर दोन-चार गुण जात, अब्रू जात नसे. 'मूळचं' म्हणाला आणि खोटा ठरला तर गाडी दाखल्याविना जायची आणि मालकाला गेट दाखवलं जायचं. ते गेट व्हर्जिलने भल्याभल्यांना दाखवलं होतं.

आता त्याच्या स्वतःच्या घरात काय होतं ते सांगतो.

मिल्काचा बाप अँटन गर्गुरिच. कॅन्सस सिटीत टेकडीवर क्रोएशियन लोकांची वस्ती आहे, तिथला. आधी खाटीकखान्यात होता. तिथे उजव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणून मोटारीच्या कारखान्यात लागला आणि शेवटी तपासनीस झाला. गाड्या तयार होऊन एकामागून एक त्याच्यापुढे येत. हा बॉनेटखाली डोकं घालून बघायचा आणि सगळं ठीक असलं की इंजिनाच्या मागच्या काळ्या पत्र्यावर पिवळ्या मेणखडूने एक गोल काढायचा. उरलेल्या तीन बोटांनी काढलेला तो गोल कधी पुरा मिटायचा नाही. त्याची शेपटी उजवीकडे लोंबत राहायची. सत्तर साली त्याने असाच गोल काढून पास केलेली एक हिरवी शेव्हेल गाडी स्वतःसाठी घेतली. आयुष्यात केलेली एवढी एकच चैन.

अँटन गेला तेव्हा गाडी मिल्काकडे आली. बापाचं दुसरं काय होतं तिच्याकडे? लिहिता-वाचता त्याला बेताचंच येई, त्यामुळे पत्रं नाहीत. फोटोत तो कायम पाठमोरा. त्याच्या हातचं म्हणून जगात उरलेलं असं ते एकच होतं, गाडीच्या पत्र्यावरचा पिवळा गोल.

व्हर्जिलने ती गाडी नव्याने उभी करायला घेतली ती प्रेमापोटीच. खोटं कशाला बोला? बायकोचं माहेर चकचकीत करून तिच्या दारात उभं करावं एवढंच त्याच्या मनात होतं. त्या दिवसांत सगळे तेच करत. जुना रंग खरवडायचा, पत्रा उघडा करायचा आणि कारखान्यालाही कधी जमला नाही असा आरशासारखा रंग द्यायचा. मिल्का बापाला ताता म्हणायची. तिची अट एकच होती.

"ताताच्या खुणेला हात लावायचा नाही."

"वेडी का काय तू! टेप लावून झाकून ठेवतो."

आणि त्याने झाकली. हिवाळाभर घासकाम चाललं. हळूहळू सगळा पत्रा लख्ख झाला, आणि मध्ये हातभर जागेवर टेपखाली तो कळकट, तेलकट, जुना रंग. व्हर्जिलचा हात कारागिराचा. जेवता जेवता त्याला तो तुकडा दिसायचा, झोपताना दिसायचा. नव्या कोऱ्या सदऱ्याला जुनं ठिगळ कुणाला सहन होईल? फोटो काढून ठेवलेलाच होता. एका दुपारी मिल्का चर्चच्या स्वयंपाकाला गेली असताना त्याने घासणीचं यंत्र फिरवलं आणि टेपसकट सगळं साफ केलं. रंग दिला, वाळू दिला आणि फोटो समोर ठेवून गोल काढला. त्यासाठी उरलेल्या तीन बोटांत खडू कसा धरला जात असेल याचा सरावही त्याने केला होता. गोल हुबेहूब आला. फोटोत शेपटी एका वायरच्या क्लिपपाशी दिसेनाशी होत होती. क्लिप काढताना त्याने खाली नीट बघितलंच नव्हतं, तेव्हा ती क्लिपखालून पुढे गेली असणार असं धरून त्याने ती पुरी केली. मग वायर बसवली, क्लिप बसवली, इंजिन बसवलं.

मिल्काने बॉनेट उघडून बघितलं आणि ती रडली. "जशीच्या तशी ठेवलीस रे! जुना रंगही कसा बेमालूम मिळवलास!" त्या वेळी खरं सांगता आलं असतं. पण रडणाऱ्या बाईला कसं सांगणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पळपुट्या माणसाला समजूत घालायला कारण लागतंच किती! तेव्हापासून दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, टेकडीवरच्या बायका थडग्यांवर मेणबत्त्या लावून आल्या की मिल्का घरी येऊन बॉनेट उघडायची. आक्रोड घातलेल्या गोड पोवित्सा पावाचा पहिला काप इंजिनावर ठेवायची आणि त्या गोलाशी क्रोएशियन भाषेत काहीबाही बोलत बसायची.

पुढे वारं फिरलं. चकचकीत गाड्यांचा लोकांना वीट आला आणि जिला कुणी हात लावला नाही अशा गंजक्या, पोपडे धरलेल्या गाड्यांना मान आला. "गाडी एकदाच खरी असते," असं भाषण आता व्हर्जिल स्वतः परीक्षकांच्या बैठकीत ठोकू लागला. ठोकताना आपल्या गॅरेजमधल्या बॉनेटखाली काय आहे हे त्याला आठवत नव्हतं असं नाही.

दोघांना मूलबाळ नव्हतं. व्हर्जिलचे गुडघे गेले तेव्हा मिल्का म्हणाली, "आपल्यामागे हिला कोण बघणार? कदर असलेल्या माणसाच्या हातात देऊ. पण आधी परीक्षा होऊ दे. ताताची खूण खरी आहे असा दाखला हवा मला."

"नुसती विकून टाकू ना. परीक्षा कशाला मध्ये?"

"वा रे! साऱ्या जगाच्या गाड्या उघड्या करतोस, आणि माझ्या बापाची झाकून विकणार?"

व्हर्जिलने परीक्षेचा अर्ज भरला. त्याला एवढंच कळत होतं, की दाखला मिळाला तर मिल्का शांतपणे म्हातारी होईल, आणि नाही मिळाला तर तिचा बाप दुसऱ्यांदा मरेल.

स्वतःच्या गाडीला स्वतः गुण देता येत नाहीत. परीक्षक म्हणून आली टल्साची जोलीन टॅकेट, खुद्द व्हर्जिलच्या हाताखाली तयार झालेली. मास्तरांची गाडी म्हणून बघायला ही गर्दी. मिल्का निळा पोशाख घालून, परीक्षकांसाठी पोवित्सा फडक्यात बांधून घेऊन आली होती. जोलीन तासभर बघत होती आणि मान डोलवत होती. मग तिने बॅटरी पिवळ्या गोलावर धरली आणि तिची मान डोलायची थांबली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "खूण मूळची की नंतरची? सावकाश आठवून सांगा हं. बरीच वर्षं झाली, माणूस विसरतो."

"मूळची आहे गं बाई!" मिल्काच म्हणाली. "माझ्या वडिलांच्या हातची."

"तुम्हांला नाही, काकू. त्यांना विचारतेय."

पोरगी त्याला दार उघडून देत होती. त्यातून बाहेर पडायला 'नंतरची' एवढा एकच शब्द पुरला असता. व्हर्जिलने मिल्काकडे बघितलं. ती हसत होती.

"मूळची," तो म्हणाला.

"क्लिप काढू मग?"

काढू नको म्हणणं म्हणजे कबुलीच. जोलीनने पेचकस लावला, क्लिप सोडवली आणि वायर बाजूला केली. खाली पिवळी रेघ होती. छान, सरळ, न तुटलेली.

जमलेल्या म्हाताऱ्यांना तेवढं पुरलं. मागून कुणी तरी खिंकाळलं, "चला, आता मास्तरांनाच गेट दाखवा!"

मिल्काला काही उमगेना. "काय झालं? आहे ना रेघ?"

"काकू," जोलीन बॅटरी विझवत म्हणाली, "तुमचे वडील गाडी पुरी झाल्यावर तपासायचे. तोवर वायर, क्लिप सगळं बसलेलं असायचं. त्यांचा खडू क्लिपखाली जाणार कसा? ही खूण पत्रा मोकळा असताना काढलीय." मग ती व्हर्जिलकडे वळली. "हे तुम्हीच शिकवलंत मला. मी काय करू सांगा."

मिल्काने त्या रेघेवर बोट ठेवलं आणि ती व्हर्जिलकडे वळली.

"कधी केलंस?"

"रंग देताना."

"आणि त्यांची?"

"घासली."

"शेवटचं एकदा बघितलंस तरी का?"

व्हर्जिलला इथे तरी खोटं बोलायला हवं होतं. पण खोटं नको तिथे येतं आणि हवं तिथे येत नाही. "नाही," तो म्हणाला. "टेपवरूनच फिरवलं यंत्र."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या अक्षराशी बोलत होते." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि तू बाजूला उभा असायचास. टोपी काढून."

तिने जोलीनच्या पेटीतलं फडकं घेतलं, थिनरमध्ये बुडवलं आणि गोल पुसायला लागली. मेणाचा खडू पटकन निघेना. ती घासत राहिली, पत्रा कोरा होईपर्यंत. मग फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "लिही, पोरी. या गाडीवर कुणाची खूण नाही." पोवित्साचं गाठोडं तिने तसंच उचलून परत नेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी दाखल्याविना लिलावात गेली आणि विकलीही गेली. विचिटाच्या एका हसतमुख माणसाने घेतली. मिल्का किल्ल्या द्यायला आली, कारण गाडी तिच्या नावावर होती. व्हर्जिलही आला. दोघं आदल्या दिवसापासून एकमेकांशी बोलले नव्हते. गिऱ्हाईकाने बॉनेट उघडलं आणि तो ओशाळं हसला.

"ऐकलं मी सगळं. पण खरं सांगू का, ती खूण होती तर मजा होती. नुसता काळा पत्रा ओका ओका दिसतो." त्याने बाहेरच्या दुकानातून आणलेला पिवळा मेणखडू पुढे केला. "तुम्ही पुन्हा काढून द्याल का?"

व्हर्जिल नाही म्हणणार होता. त्याने तोंड उघडलंही होतं.

"काढून दे की," मिल्का म्हणाली. "तुला येते ती."

तिने किल्ल्या गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवल्या आणि ती गेटकडे चालू लागली. व्हर्जिल तिच्या पाठीकडे बघत राहिला. ती वळली नाही. मग तो बॉनेटखाली वाकला, तीन बोटांत खडू धरला आणि गोल काढला. तो हुबेहूब आला. आता इंजिन, वायर सगळं जागेवर होतं, म्हणून शेपटी त्याने क्लिपच्या अलीकडेच थांबवली. आता जोलीनलाही ती खोटी ठरवता आली नसती.