भाऊजींची काजळी

इंजिनातली काजळी बघून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरी पडला. भाऊजी मूळचे पलूसचे. नव्वदच्या सुमारास ते कुपवाडच्या एका कारखान्यात डिझेल इंजिनं तपासायचे आणि खोललेल्या इंजिनांचे काळेकुट्ट पिस्टन कापडात गुंडाळून सांगलीच्या घरी आणायचे. शेजाऱ्यांकडे केबल टीव्ही आला, तेव्हा भाऊजींनी कुठल्याशा कॉलेजातून मोडीत निघालेला मायक्रोस्कोप आणला आणि वरून उजेड पडावा म्हणून त्याला दिवा बसवला. पिस्टनच्या माथ्यावर साचलेला थर सपाट नसतो. त्यातला उंचवटा भिंगाखाली स्पष्ट दिसला की ते बारीक चाकावरचा आकडा टिपत, मग शेजारचा खळगा स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे खळग्याची खोली. असे ठिपके जोडता जोडता कागदावर डोंगरदऱ्यांचा नकाशा उतरायचा. "हितं थर जाड हाय, म्हंजे डिझेल नीट जळलं न्हाई," असं ते मला कौतुकानं दाखवायचे. एका उंचवट्याला तर त्यांनी यमाईचा डोंगर असं नाव ठेवलं होतं. साताऱ्यात एका वरातीत काळा धूर सोडणारी जीप दिसताच त्यांनी ती अडवून बॉनेट उघडायला लावलं. ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "आवं, नवरदेव आत बसलाय!" नवरदेव मी होतो.

एका पिस्टनवर ते अख्खा पावसाळा खपत होते. अर्धा नकाशा झाला होता. थर एकदा निघाला की गेलाच, तसाच पुन्हा साचत नाही. तेवढ्यात खंडेनवमी आली. ताईनं विळी, अडकित्ता, शिवणयंत्र पूजेला मांडलं, आणि नवऱ्याचं लाडकं हत्यार तेवढं काळं कसं ठेवायचं, म्हणून पिस्टन रॉकेलात भिजवून तारेच्या घासणीनं लख्ख केला. वर झेंडूचं फूल वाहिलं. भाऊजी दारातच थबकले.

"बघा, कसा निघालाय!" ताई म्हणाली.

"लय झाक निघालाय गं," ते म्हणाले आणि हात जोडून पूजेला बसले. नंतर मला परसात नेऊन दम दिला, "तिच्याम्होरं त्वांड उघडू नगंस." ताईला शेवटपर्यंत काही कळलं नाही. पुढं दरवर्षी ते खंडेनवमीच्या आत घाईघाईनं एक नकाशा पुरा करायचे आणि तो पिस्टन आपण होऊन तिच्या हाती द्यायचे. माझा त्यांच्यावर जीव जडला तो तेव्हापासून.

ताई गेल्यावर वर्ष सरलं, आणि खंडेनवमीला मी सांगलीला गेलो. पाटावर विळी होती, अडकित्ता होता, आणि शेजारी काळाकुट्ट पिस्टन. त्याचा नकाशा टेबलावर पुरा होऊन पडला होता.

"घासून देऊ का?" मी विचारलं.

"नगं. ते तिचं काम हाय."

त्यांनी काजळीवरच कुंकू वाहिलं. काळ्या थरावर ते दिसलंही नाही.