यहोवा राफा आणि ग्लासभर पाणी
कुणाच्या अंगाला अत्तराचा भपका आला की मला उस्मानपुऱ्यातली ती दुपार आठवते. शेजारच्या मावशींनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या, कारण बाहेरगावहून आलेल्या पास्टरांनी चर्चमध्ये सांगितलं होतं की बायबलात देवाचं एक नाव ‘यहोवा राफा’ आहे, म्हणजे बरं करणारा, आणि त्या नावावर भरवसा असेल त्याला औषध लागत नाही. मावशींच्या पायाची जखम चिघळत चालली होती, सून रडकुंडीला आली होती, म्हणून अत्तराचा भपका सोडत पास्टर घरी आले तेव्हा मीही जाऊन बसलो. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फ्लेक्स होता. त्यावर देवाच्या नावांपेक्षा त्यांच्याच पदव्या जास्त होत्या, तिथूनच मला संशय होता. मावशींच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सर्वसमर्थ, सेनाधीश, राजांचा राजा अशी देवाच्या नावांनी सुरुवात केली, एखाद्या मंत्र्याचा सत्कार असावा तशी. राफापर्यंत येता येता त्यांना घाम फुटला. मग खुर्चीत टेकून त्यांनी खिशातून एक गोळी काढली आणि सुनेला म्हणाले, “बेटी, जरा पाणी दे. बीपीच्या गोळीची वेळ झाली.” मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या. “पास्टरसाहेब, तुम्हाला बी लागती व्हय?” “प्रवासाचा शीण, मावशी.” “असू द्या, असू द्या. सूनबाई, पाणी आणतानी माझ्या बी गोळ्या आण.” बरं करणारा तो राफा खरंच असेल, तर त्या दुपारी त्यानं पास्टरांचं बीपी मुद्दाम वाढवलं, असा मला अजून संशय आहे.