कच्च्याशेजारी पक्का

शिवणकाम करणाऱ्या एक बाई नवरा गेल्यावर मुलाकडे परदेशात राहायला आल्या. मुलगा-सून दिवसभर कामावर. नातीला आजीची भाषा येत नव्हती, आजीला नातीची. भरल्या घरात बाई मुक्या होऊन बसायच्या. शेवटी मुलानं त्यांना संध्याकाळच्या भाषावर्गात घातलं.

वर्गात नाना देशांची माणसं. मास्तरीणबाईंनी प्रत्येक कच्च्याशेजारी एक पक्का बसवला. बाईंच्या वाट्याला बेकरीत काम करणारा एक म्हातारा आला. त्याची मायबोली तिसरीच, पण नवी भाषा तो फाडफाड बोलायचा. जोडीनं करायचं काम तो एकटाच उरकी आणि बाई कच्च्या लिंबासारख्या नुसत्या बसून राहत.

मास्तरीणबाईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "यापुढे तुम्ही ह्यांना समजवायचं आणि वर्गाला ह्यांनी सांगायचं. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

बाई पहिल्याच शब्दाला अडखळल्या. म्हातारा मात्र एकेक शब्द पुन्हा पुन्हा घोटून घेई, चुकलं तरी हसत नसे.

"बायको आजारी होती तेव्हा डॉक्टर काय सांगतायत ते मला कळायचं नाही," तो एकदा म्हणाला. "मी आपला हो हो करत राहिलो. ती गेल्यावर शिकलो. काय उपयोग?"

हळूहळू बाई दुकानदाराशी हुज्जत घालू लागल्या. नातीला गोष्टी सांगू लागल्या.

मग एके दिवशी म्हातारा वर्गाला आला नाही. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. बाई इस्पितळात गेल्या, तर तो बोलत होता, पण फक्त मायबोलीत. शिकलेली भाषा पार पुसली गेली होती.

"तुम्ही ह्यांच्या कोण?" नर्सनं विचारलं.

"वर्गात आमची जोडी आहे."

"मग काय म्हणतायत ते?"

"मलाही नाही कळत," बाई म्हणाल्या.

त्या रोज जाऊ लागल्या. पेला दाखवत, उशी दाखवत, आणि तो म्हणेल तो शब्द त्याच्यामागून म्हणत. चार-सहा शब्द जमले. एक मात्र उलगडेना. तो शब्द म्हणताना म्हातारा त्यांचा हात घट्ट धरी. बाईंनी पाणी दिलं, खिडकी उघडली, पांघरूण सारखं केलं. तो मान हलवी आणि पुन्हा तेच म्हणे. त्यातच तो गेला.

अंत्यविधीला त्याच्या देशाचा एक माणूस भेटला. बाईंनी त्याला तो शब्द म्हणून दाखवला.

"असा शब्द नाही आमच्यात," तो म्हणाला. "उच्चार चुकत असेल तुमचा."

बाईंनी दोन-तीन तऱ्हांनी म्हणून पाहिला. तो बिचारा कान देऊन ऐकत होता, पण त्याला काही अर्थ लागेना.

पुढे बरेच दिवस बाई वर्गाला गेल्या नाहीत. नातीनं कारण विचारलं. बाईंनी तिला तिच्याच भाषेत सगळं सांगितलं. कुठेही अडखळल्या नाहीत.