एकट्यानं प्यायचं नाही

मोठ्या हॉटेलच्या तळघरात, जिथे वरच्या खोल्यांतल्या मळक्या चादरी येऊन पडतात, तिथे तिनं निम्मं आयुष्य काढलं. तरीही तिची किळस काही मेली नाही, याचं सोबतच्या बायकांना भारी नवल वाटायचं. बाकीच्यांची नाकं केव्हाच निबर झाली होती. हिचं मात्र ट्रॉली दारातून आत यायच्या आधीच वर जायचं. सांडलेली वाईन, केसांचा रंग, कुणाच्या पोराची ओकारी, सगळं तिला वासावर कळायचं. एकावर एक दोन हातमोजे चढवून ती गठ्ठे वेगळे करायची. रक्ताचे डाग गार पाण्यात, तेलकट डाग गरम पाण्यात, आणि ज्यांचं नावही घेववत नाही ते वेगळ्या पिशवीत. "माणूस म्हणजे गळकी पिशवी नुसती," ती म्हणायची, "वरून कितीही इस्त्री फिरवा."

घरीही तीच तऱ्हा. दुधात केस दिसला की पातेलंभर दूध मोरीत. नवरा गॅरेजात मेकॅनिक, त्याच्या नखांत कायम काळं ग्रीस. माणूस सोन्यासारखा, पण त्याचा रुमाल ती अजूनही चिमट्यानं उचलायची. संडास हा शब्द तर तिनं कधी तोंडातून काढलाच नाही. "तिकडे जाऊन येते," एवढंच.

आणि तिच्या नशिबी काय यावं, तर तिकडचंच दुखणं. एके सकाळी रक्त दिसलं. चादरीवरचं रक्त हातभर लांबून ओळखणारी ही बाई, स्वतःचं दिसल्यावर पाणी ओतून मोकळी झाली. दुसऱ्यांदा दिसलं, तिसऱ्यांदा दिसलं, तरी ही आपली पाणी ओततेय. शेवटी एकदा कामावर चक्कर येऊन गठ्ठ्यावर पडली तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्यात कॅमेरा घालून बघावं लागेल. आदल्या दिवशी एक जग भरून औषध प्यायचं, पोट धुऊन निघतं, मग तपासणी.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी तिनं त्याचे दोन घोट घेतले, ओकली, उरलेलं सिंकमध्ये ओतलं आणि दवाखान्यात फोन करून ताप आल्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काही कालच्या पोरी नव्हत्या. "दुसरी तारीख देते," त्या म्हणाल्या. "या खेपेला टाळू नका. आत काही असेल तर ते तुमच्यासाठी थांबून राहणार नाही. आज हाताशी आहे, उद्या नसेल."

घाबरली नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा किळस मोठी होती. आपल्याला कुशीवर निजवणार, अनोळखी माणसं बघणार, नळी घालणार, हे मनात आलं की तिला अंगावरची कातडी सोलून धुवायला टाकावीशी वाटायची.

त्यात नातेवाइकांचा गोडवा. नणंद येऊन बसली की आपल्या घामट हातात हिचा हात धरायची आणि सोडायचीच नाही. "वहिनी, सगळं मनावर असतं हो. मन प्रसन्न ठेवा." जाताना कसल्याशा पाल्याचा हिरवा, बुळबुळीत रस ठेवून जायची. आठवडाभरात अख्ख्या जिन्याला हिच्या पोटाची बातमी लागली. शेजारणी मान वाकडी करून विचारायला लागल्या, "कसं आहे आता?" फोनवर सकाळ-संध्याकाळ गुलाबाची फुलं. डागांची शिसारी तिला होतीच, पण ही चिकट दया तिला त्याहून ओंगळ वाटायची. डाग निदान धुतल्यावर जातो.

या सगळ्यात तिला माणसांत ठेवलं ते चार टवाळांनी. चार म्हणजे तिला धरून. पोटाच्या रोग्यांसाठी इंटरनेटवर एक पान होतं, तिथे सगळे एकमेकांना हात जोडायचे. तिनं एकदा भीत भीत विचारलं, त्या औषधाची चव कशी असते? वीस जणांनी फुलं पाठवली. एकानं उत्तर दिलं, "ढेकूण मारायच्या औषधात साखर विरघळवा. तीही कमी पडलेली असते." ती तळघरात एकटीच इतकी हसली की बायकांनी मशीन बंद करून बघितलं. उत्तर देणारा होता कुठल्याशा दुसऱ्या शहरातला पाववाला, स्वतःची भट्टी असलेला. त्याला आणखी दोघं येऊन मिळाले. एक भूमितीचे निवृत्त मास्तर, बायको गेल्यापासून एकटे. दुसरी कॉल सेंटरमधली मुलगी, दिवसभर लोकांशी गोड बोलून विटलेली, तिला सगळे पोपट म्हणायचे. पान चालवणाऱ्यानं चौघांना झापलं, इथे लोक गंभीर आजारी आहेत म्हणून. "आम्ही काय सहलीला आलोय?" पाववाल्यानं लिहिलं. झालं, चौघांची हकालपट्टी. मग त्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला आणि नाव ठेवलं कुजकट मंडळ. हिचं तिथलं नाव चादर.

मंडळात 'काळजी घ्या' म्हणायला बंदी. फुलांना बंदी. आणि तिसरा नियम मास्तरांमुळे झाला. त्यांना एकदा तेच औषध प्यायचं होतं, आणि रिकाम्या घरात औषधाच्या जगासमोर बसून ते रडकुंडीला आले होते. तेव्हा पोपटनं लोणच्याचं खारं पाणी गार कॉफीत मिसळलं, गटागटा प्यायली आणि वाकड्या तोंडाचा फोटो टाकला. "घ्या मास्तर, तुमची जोडीदारीण." तेव्हापासून ठरलं, एकट्यानं प्यायचं नाही. एकाचं औषध असेल तेव्हा बाकीच्यांनी त्याच वेळी घरातलं सगळ्यात घाणेरडं काहीतरी कालवून त्याच्या घोटाला घोट लावायचा. पाववाल्यानं दोन महिन्यांपूर्वी असंच औषध घेतलं होतं. त्याचा रिपोर्ट म्हणे भट्टीच्या काचेसारखा स्वच्छ आला. पोपटनं लगेच विचारलं होतं, "तुझ्या भट्टीची काच तू कधी पुसलीस का रे?"

तर, दुसरी तारीख येऊन ठेपली. तपासणीच्या आदल्या दिवशी उन्हं उतरताना ती स्वयंपाकघरात जग घेऊन बसली. पांढऱ्या झाकणाचा, बाजूला रेघा आखलेला, पावडरीबरोबर मिळतो तसला जग. नवरा दाराशी घुटमळत होता. "हळूहळू पी गं. राणी माझी." बिचारा मायेनं बोलत होता, पण ते ऐकूनच तिला उमासा आला. तिनं त्याला बहिणीकडे पिटाळलं.

मंडळ हजर होतंच. मास्तरांनी शिळ्या चहात कच्चं अंडं फोडलं होतं. पोपटनं खोकल्याच्या औषधात लसूण ठेचला होता. पाववाल्याचा ग्लास होता, त्याच्या म्हणण्यानुसार, मेलेलं खमीर आणि मीठ. तिघांचे फोटो आले. "उचल, चादर," मास्तरांनी लिहिलं. तिनं नाक दाबून पहिला ग्लास घशाखाली ढकलला. मास्तर म्हणाले, अंडं अर्ध्यात अडकलंय, वर यावं की खाली जावं याचा विचार करतंय. ती हसली आणि हसता हसता दुसराही गेला.

मग पोटानं इंगा दाखवला. ती तिकडे पळाली, आली, परत पळाली. तो वास, ते आवाज, स्वतःच्या अंगातून हे सगळं निघतंय ही घाण. आयुष्यभर जे वेगळ्या पिशवीत टाकलं ते आपल्याच आत भरलेलं होतं. गार फरशीवर भिंतीला टेकून ती बसली आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बास. नाही जमत. व्हायचं ते होऊ दे. ती उठली, जग उचलला आणि सिंकवर तिरका केला.

तेवढ्यात फोन वाजला. पाववाला लिहीत होता, "आधी खारट, मग गोडमिट्ट, आणि गिळल्यावर जिभेवर ओल्या नाण्याची चव राहते. लिंबाची फोड चोखून थुंकून टाक, जरा बरं वाटतं. कुठवर आलीस?"

तिनं जग तसाच धरून ते पुन्हा वाचलं. ओलं नाणं. तिच्या जिभेवर या घटकेला तेच होतं, आणि दोन महिन्यांपूर्वीची चव कुणाला इतकी ताजी आठवत नाही. तिनं त्याचा मघाचा फोटो उघडून मोठा केला. खमिराचं पाणी गढूळ दिसलं असतं. हे जवळजवळ नितळ होतं, काठाला बारीक बुडबुडे चिकटलेले, तिच्या ग्लासाला होते तस्सेच. मागे अर्धवट दिसत होतं एक पांढरं झाकण. आणि कडेला खुर्चीवर, जुनी चादर अंथरून, टॉवेलांची चळत. अशी चळत तिनंही दुपारी रचून ठेवली होती. सगळ्या जगाला फसवशील रे, पण चादरीवालीला चादर दाखवायची नसते.

मंडळात न लिहिता तिनं त्याला एकट्याला लिहिलं, "ते खमीर नाहीये."

मग आलं, "नाहीये."

"रिपोर्ट स्वच्छ होता ना तुझा?"

"नव्हता. आत काहीतरी सापडलं होतं, ते त्यांना पुन्हा बघायचंय. तुझी तपासणी झाली की सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर तू घाबरून जग ओतून टाकला असतास."

तिनं हातातल्या जगाकडे बघितलं. औषध पार काठाशी आलं होतं. तिनं तो सरळ केला आणि ओट्यावर ठेवला.

"पण नेमकी उद्याचीच तारीख कशी मिळाली तुला?"

"मागून घेतली. परवाची देत होते. म्हटलं, उद्या आमची एक बाई आहे."

आता पुढचं आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात वाटाण्याएवढी एक गाठ निघाली. तिथल्या तिथे कापली, साधी निघाली. "वर्षभर उशिरा आला असतात तर साधी राहिली नसती," एवढं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच. पाववाल्याचं नीट निघालं नाही. त्याचं ऑपरेशन झालं, मग औषधं लागली, आणि प्रत्येक खेपेला मंडळाच्या पोटांची दैना झाली. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच दोघांना ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी तिची बोटं आपोआप 'काळजी' एवढं लिहून बसली. तिनं ते खोडलं. फुलं पाठवणाऱ्या बायका काय म्हणून ती फुलं पाठवतात, ते तिला पहिल्यांदा कळलं, आणि त्याचीही थोडी किळस आली. मग तिनं लिहिलं, "खोटारड्या, फोटो टाकताना तो वरचा टॉवेल तरी लपवायचास. त्याच्यावरचा पिवळा डाग कुठल्याच पाण्यात जायचा नाही."

"तो माझ्या आज्जीच्या वेळचा आहे. वारशात मिळालाय."

"शी. चल, ग्लास उचल."

दोघांनी उचलला. तिकडे मंडळात मास्तर विचारत होते की चादर गप्प का, आणि पोपट म्हणत होती, लसणामुळे आपल्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. एक ग्लास संपला, दुसरा भरला. मध्येच पोटात पुन्हा कळ आली आणि ती फोन हातात घेऊनच पळाली. दार लावलं. तेवढ्यात त्याचा मेसेज येऊन पडला, शेवटचा ग्लास भरलाय, पिऊ का?

आणि जिनं उभ्या जन्मात तो शब्द उच्चारला नव्हता, त्या बाईनं तिथे बसून लिहिलं, "संडासात आहे. थांब. एकटा पुढे जाऊ नकोस."