चारही रकान्यांत दोन देवदूत

"ताई, हे मी लिहिलेलं नाही."

शिंदे सरांनी प्रूफ माझ्या टेबलावर ठेवलं आणि एका तक्त्यावर बोट टेकवलं. मी मनात म्हटलं, झालं. लेखक असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते त्यानेच लिहिलेलं असतं.

हिमायतनगरला माझं डीटीपी सेंटर आहे. नव्वदीनंतर बँका कॉम्प्युटरला कर्ज देऊ लागल्या, तेव्हा काढलेलं. हाताने लिहिलेला मजकूर, आमच्या भाषेत मॅटर, टाइप करायचा. कच्ची छपाई, म्हणजे प्रूफ, लेखकाकडून तपासून घ्यायची. मग पक्की पानं छापखान्यात. हैदराबादेत मराठी काम थोडं, आणि मराठी नीट वाचणारे ऑपरेटर त्याहून थोडे. माझ्याकडे मार्था होती. माहेर अहमदनगरचं, राहायला अंबरपेठेत. तिच्या प्रूफमध्ये लेखकांना लाल पेन उघडावं लागत नसे.

शिंदे सर मार्थाच्याच चर्चचे निवृत्त पाळक. आयुष्यभर उपदेश केला आणि म्हातारपणी पुस्तक लिहायला घेतलं ते असं, की बायबलमधली येशूची चरित्रं इतिहास म्हणून कितपत टिकतात? चर्चमधल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

तक्त्यात चार रकाने होते. मत्तय, मार्क, लूक, योहान. येशूला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी बायका कबरीपाशी गेल्या आणि कबर रिकामी होती, ही गोष्ट हे चौघे सांगतात. पण चौघांची सांगण्याची तऱ्हा वेगळी. कुणाच्या गोष्टीत एक देवदूत, कुणाच्या दोन. मार्क तर पांढऱ्या झग्यातला तरुण म्हणतो. एकाकडे बायका धावत जाऊन शिष्यांना सांगतात, दुसऱ्याकडे भीतीने कुणाला काही सांगतच नाहीत. योहानाकडे एकटीच मरीया जाते.

प्रूफमध्ये यातलं काही नव्हतं. चारही रकान्यांत सगळ्या बायका, दोन देवदूत, आणि सगळ्यांनी जाऊन सांगितलेलं.

आमच्याकडे सत्यनारायणाची कथा दर घरी थोडी वेगळी असते आणि शिऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. त्यामुळे मला यात एवढं काय ते कळेना. पण काम चुकलं होतं हे दिसत होतं. मी मार्थाला हाक मारली.

"हे काय?"

"मीच केलं, मॅडम."

"का? मॅटरमध्ये आहे तेच टाइप करायचं, हा पहिला नियम आहे."

"हौ, माहीत आहे. बघवेना मला. असं छापलं तर लोक म्हणतील सगळं झूठ आहे."

सर चिडतील असं वाटलं होतं. ते हसले.

"अगं, छापखाने नव्हते तेव्हा शास्त्राच्या हाताने नकला करणारेही हेच करायचे. दोन ठिकाणी जुळत नाही दिसलं की जुळवून टाकायचे. प्रेमापोटी. माझं चौथं प्रकरण त्यावरच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुराव्यासाठी ग्रंथालयं पालथी घातली, ताई. आणि तो मिळाला तुमच्या सेंटरमध्ये."

"सर," मार्था म्हणाली, "अविनाशला पुरलं तेव्हा तुम्हीच वाचलं होतं."

अविनाश तिचा नवरा. आदल्या वर्षी स्कूटरच्या अपघातात गेला होता.

"हो. वाचलं होतं."

"रिकाम्या कबरीचंच वाचलं. मग म्हणालात, रडू नको, हा पुन्हा भेटणार आहे. तेव्हा कुठल्या रकान्यातलं वाचलंत?"

सरांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"योहानातलं."

"आणि बाकीचे तीन तेव्हा माहीत होते?"

"माहीत होते."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

  सर चष्मा परत लावत म्हणाले, "माझा विश्वास उडालेला नाही, मार्था. मी फक्त साक्षीदारांना प्रश्न विचारतो आहे."

"तुम्हाला विचारायला जमतं, सर. माझ्याकडे तेवढाच एक साक्षीदार होता."

तिने प्रूफ उचललं आणि जागेवर जाऊन बसली. सरांच्या मॅटरमध्ये होतं तसं सगळं परत टाइप केलं. एक देवदूत, दोन देवदूत, पांढऱ्या झग्यातला तरुण, गप्प राहिलेल्या बायका. एकही चूक नाही. मला फार वाईट वाटलं. तरी मी तिला थांबवलं नाही. काम ते काम.

पुस्तक निघालं. फार कुणी वाचलं नाही. ज्यांना राग यायचा त्यांना न वाचताच आला.

पुढच्या ईस्टरला, म्हणजे येशू कबरीतून उठल्याच्या सणाच्या रविवारी, लग्नपत्रिकांच्या घाईमुळे सेंटर उघडं ठेवलं होतं. मार्थाला मी धरलंच नव्हतं. दरवर्षी त्या दिवशी ती पहाटेच्या प्रार्थनेला जायची. ती सकाळीच डबा घेऊन हजर.

"अगं, आज ईस्टर ना?"

"पत्रिका आहेत ना, मॅडम," असं म्हणून तिने कॉम्प्युटर सुरू केला.

तेव्हापासून धर्माचं मॅटर आलं, कुठल्याही धर्माचं, की मी ते दुसऱ्या ऑपरेटरला, यादगिरीला देते. त्याला मराठी येत नाही. अक्षरांचे आकार बघून टाइप करतो. चुका खंडीभर असतात, लाल पेन पुरत नाही. पण त्या चुका दुरुस्त करता येतात.